पाठीमागचे स्पीकर

साधारण २००० सालानंतर आपल्याकडच्या दिवाणखान्यांत 'होम थिएटर' नावाचा प्रकार आला. टीव्हीखाली एक चपटा खोका, पुढे तीन स्पीकर, कोपऱ्यात जमिनीवर ढोलासारखा सबवूफर आणि सोफ्याच्या मागे, भिंतीत खिळे ठोकून छताजवळ टांगलेले दोन छोटे स्पीकर. दुकानदाराने दाखवलेल्या सिनेमात हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, पाऊस चारही बाजूंनी पडला आणि घरमालक खूश झाला. पुढे हेलिकॉप्टरचं कौतुक ओसरलं. आता त्याच यंत्रावर सकाळी अभंग लागतात, रविवारी किशोरीताई लागतात, आणि मागच्या दोन स्पीकरांचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. एक तर ते गप्प असतात, नाहीतर रिमोटवरचं एखादं बटण दाबलं की पाचही तोंडांतून तेच गाणं एकदम बाहेर पडतं. जाणकार म्हणवणारा पाहुणा आला तर तो सांगतो, "ते मागचे बंद करा हो. संगीताला दोनच पुरतात. माणसाला कान तरी किती आहेत?"

हे कानांचं गणित मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा उगम शोधायची इच्छा झाली. मी मिरजेचा. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ध्वनिशास्त्र जे काही आलं ते जुन्या मासिकांतून, पेटंटच्या कागदांतून आणि सोल्डरिंगच्या चटक्यांतून. त्यामुळे हा लेख विद्यापीठीय नाही. पण कागद लावत गेल्यावर एक गोष्ट माझ्यापुरती स्पष्ट झाली. घरातले हे मागचे स्पीकर सिनेमाने संगीताला उसने दिलेले नाहीत. त्यांच्या वंशावळीतली एक ठळक शाखा थेट संगीताकडे जाते. मधल्या काळात ते सिनेमाच्या घरी वाढले आणि परत आले ते सिनेमाचा पोशाख घालून, म्हणून ओळखू येत नाहीत.

संगीत समोरून येतं आणि श्रोता त्याच्याकडे तोंड करून बसतो, ही मांडणी आपण नैसर्गिक धरून चालतो. नाटकगृहं आणि तिकिटं आल्यावर ती पक्की झाली. वारीच्या दिंडीत चालणाऱ्याला विचारा, अभंग कुठून येतो? टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मध्ये मृदंग, वीणेकरी. आणि तो स्वतः त्या आवाजाच्या आत. युरोपातही हे होतं. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये आद्रियान विलार्ट आणि पुढे जोव्हान्नी गाब्रिएली यांच्या काळात गायक-वादकांचे वेगवेगळे गट एकमेकांपासून दूर उभे करून सवाल-जवाबासारखी रचना गाण्याची परंपरा रुजली. बर्लिओझचं 'रेक्विएम' ५ डिसेंबर १८३७ रोजी पॅरिसच्या अँव्हालिद चर्चमध्ये पहिल्यांदा झालं. त्यात मुख्य वाद्यवृंदाखेरीज पितळी वाद्यांचे चार ताफे चार कोपऱ्यांना ठेवायची सूचना आहे. 'सराउंड' हा शब्द नव्हता, एवढंच.

यंत्राचा भाग सुरू होतो १८८१ मध्ये, पुन्हा पॅरिसमध्ये. विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या अभियंत्याने ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेने टेलिफोनचे ट्रान्समीटर ओळीने लावले आणि तारा प्रदर्शनाच्या इमारतीत आणल्या. लोक दोन कानांना दोन रिसीव्हर लावून ऐकत. गायक मंचावर डावीकडून उजवीकडे गेला की तो चाललेला कळे. लोकांच्या रांगा लागल्या. मात्र आवाज खोलीत मोकळा सोडण्याची सोय अजून नव्हती.

ती आली तेव्हा पहिला मोठा प्रयोग दोन वाहिन्यांचा नव्हता, तीन वाहिन्यांचा होता. २७ एप्रिल १९३३ ला अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचं वादन तीन मायक्रोफोन आणि तीन स्वतंत्र तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये पोचवलं. गंमत अशी की वाद्यवृंदाचा नायक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वादकांसमोर नव्हताच. फिलाडेल्फियात त्याचा सहायक अलेक्झांडर स्मॉलन्स काठी हलवत होता आणि स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये बटणांशी बसून आवाज कमी-जास्त करत होता. प्रयोगाचे सूत्रधार हार्वी फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मत पडलं की मोठ्या सभागृहात दोनपेक्षा तीन वाहिन्या स्पष्टपणे सरस.

मग घरात दोनच का आल्या? याचं उत्तर कानांत नाही, तबकडीच्या खाचेत आहे. लंडनच्या ईएमआय कंपनीतला अभियंता ॲलन ब्लमलिन याने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्यात तब्बल ७० दावे आहेत, आणि त्यांतला एक असा की तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर, एकमेकींशी काटकोन करून, दोन वेगळे आवाज कोरता येतील. १९३४ मध्ये त्याने ॲबी रोडवर थॉमस बीचम मोत्सार्टच्या 'ज्युपिटर' सिंफनीची तालीम घेत असताना असं ध्वनिमुद्रण करूनही पाहिलं. ईएमआयने कागद कपाटात ठेवले. ब्लमलिन जून १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान विमान कोसळून गेला, वय ३८. १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकडी बाजारात आली ती याच काटकोनाच्या तत्त्वावर. खाचेला भिंती दोन, म्हणून वाहिन्या दोन, म्हणून स्पीकर दोन. खाचेला तिसरी भिंत असती तर आपले पाहुणे आज कानांचा दाखला देते ना.

आता 'फँटासिया'. वॉल्ट डिस्नेचा हा चित्रपट १३ नोव्हेंबर १९४० ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये लागला. संगीत पुन्हा स्टोकोव्स्कीचं, आणि बरंचसं मुद्रण फिलाडेल्फियाच्या ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये झालेलं. या चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीत. बाख, बेथोव्हन, स्ट्राविन्स्की यांचं संगीत हाच नायक आणि चित्रं त्याची पाठराखण करणारी. डिस्नेच्या माणसांनी त्यासाठी 'फँटासाउंड' नावाची पद्धत घडवली. चित्राच्या फिल्मबरोबर ध्वनीची वेगळी फिल्म चाले, तिच्यावर तीन ध्वनिपट्ट्या, आणि चौथी पट्टी आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करण्यासाठी. पडद्यामागे तीन स्पीकर आणि त्याखेरीज प्रेक्षागृहात बाजूंना व मागे आणखी काही. चाचणीसाठी डिस्नेने आठ ऑसिलेटर विकत घेतले ते ह्यूलेट आणि पॅकर्ड या तेव्हाच्या दोन नवख्या तरुणांकडून. पुढे जगभर पसरलेल्या त्या कंपनीच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरींपैकी ही एक.

ही सामग्री इतकी महाग आणि अवजड होती की मोजक्याच थिएटरांत ती बसली. त्यात महायुद्ध आलं. बाकी ठिकाणी 'फँटासिया' साध्या एका वाहिनीच्या आवाजात दाखवला गेला. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की चित्रपटगृहात प्रेक्षकाभोवती स्पीकर लावण्याचा हा पहिला मोठा खटाटोप बंदुकीच्या गोळ्यांसाठी नव्हता, वाद्यवृंदासाठी होता.

सिनेमाने ही कल्पना उचलली ती १९५०च्या दशकात, घरोघरच्या टेलिव्हिजनच्या धास्तीने. १९५३च्या 'द रोब'पासून सिनेमास्कोपच्या फिल्मवर चार चुंबकीय पट्ट्या आल्या: तीन पडद्यामागच्या आणि एक प्रेक्षागृहातली. या चौथ्या पट्टीत फुसफूस फार. म्हणून तिच्यात १२ किलोहर्ट्‌झचा एक बारीक सूर सोडलेला असे. तो सूर असेल तेव्हाच मागचे स्पीकर चालू होत, एरवी मुके राहत. मागच्या स्पीकरांनी बोलावल्यावरच बोलायचं, ही सिनेमाची शिस्त तेव्हापासूनची. पुढे ७० एमएमच्या फिल्मवर सहा पट्ट्या आल्या, पाच पडद्यामागे आणि एक प्रेक्षकांभोवती. आपल्याकडे १९७५ मध्ये मुंबईच्या मिनर्व्हात 'शोले' ७० एमएम पडद्यावर स्टिरिओफोनिक ध्वनीसह लागला आणि पाच वर्षांहून अधिक काळ चालला. माझ्या पिढीतल्या पुष्कळांचा भोवताली फिरणाऱ्या आवाजाशी पहिला परिचय तिथला. त्या सिनेमात आवाज फिरतो तो घोड्यांचा, गोळ्यांचा आणि नाण्याचा. राहुलदेव बर्मनचं संगीत बहुतांशी समोरच बसलेलं असतं.

संगीताची शाखा दरम्यान वेगळ्याच वाटेने चालली होती. १९५६ मध्ये कलोनला श्टॉकहाउझेनने एका मुलाच्या आवाजापासून रचलेली कृती श्रोत्यांभोवती पाच स्पीकर-गट मांडून ऐकवली. १९५८च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात एडगार व्हारेझची ध्वनिकृती फिलिप्स कंपनीच्या मंडपात, भिंतींत बसवलेल्या शेकडो स्पीकरांतून फिरवण्यात आली. १२ मे १९६७ ला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये 'पिंक फ्लॉइड'ने विमानातल्यासारख्या दांड्याने आवाज सभागृहाच्या चार कोपऱ्यांत फिरवला. अमेरिकेत व्हॅनगार्ड कंपनीने १९६९ मध्ये चार वाहिन्यांच्या टेप विकायला काढल्या. मग सगळ्यांनाच घाई सुटली आणि 'क्वाड्राफोनिक' नावाचं पर्व सुरू झालं.

क्वाडचा इतिहास हा एका चांगल्या कल्पनेचा भाऊबंदकीत झालेला अंत आहे. चार वाहिन्या दोन भिंतींच्या खाचेत कोंबायच्या कशा, हा प्रश्न. सीबीएसने 'एसक्यू' काढली, जपानच्या सान्सुईने 'क्यूएस'. दोन्हींत मागच्या वाहिन्या ध्वनिलहरींच्या टप्प्यात फरक करून पुढच्या दोनांत मिसळायच्या आणि घरी डिकोडरने त्या पुन्हा वेगळ्या काढायच्या. दुधात पाणी घालून नंतर गाळण्यासारखाच हा प्रकार. साध्या एसक्यू डिकोडरमध्ये पुढच्या आणि मागच्या वाहिनीत जेमतेम ३ डेसिबलचं अंतर राही. म्हणजे मागचा आवाज पुढेही जवळजवळ तेवढाच ऐकू येई. जेव्हीसीची 'सीडी-४' पद्धत अधिक प्रामाणिक. तिने मागची माहिती ३० किलोहर्ट्‌झच्या, कानाला ऐकूच न येणाऱ्या वाहक लहरीवर खाचेतच कोरली. ती वाचायला शिबाता या अभियंत्याने घडवलेली खास टोकाची सुई लागे, आणि जाड सुईने दहा-वीस वेळा वाजवलं की ती नाजूक कोरणी झिजून जाई. सीबीएस एकीकडे, आरसीए दुसरीकडे. गिऱ्हाइकाने कोणता डिकोडर घ्यायचा? त्याने कोणताच घेतला नाही. १९७०चं दशक संपण्याआधीच क्वाडची दुकानं उठली.

बाजाराचा हा तपशील सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ध्वनिमुद्रकांमधला मतभेद, कारण आजही आपल्या दिवाणखान्यातला खरा प्रश्न तोच आहे. पिएर बूलेझने न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडून बार्टोकचा 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' सीबीएससाठी क्वाडमध्ये मुद्रित केला तेव्हा वादक त्याच्याभोवती बसवले. श्रोता संचालकाच्या जागी, काही वाद्यं पाठीशी. त्याच सुमारास युरोपात फिलिप्स आणि डॉइच ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रक चार वाहिन्यांवर टेप भरत होते, पण त्यांचा वाद्यवृंद समोरच होता. मागच्या दोन वाहिन्यांत होता फक्त सभागृहाचा प्रतिसाद. एकाने श्रोत्याला वादकांत नेलं, दुसऱ्याने सभागृहच श्रोत्याकडे आणलं.

माझा कौल दुसऱ्याकडे आहे, आणि त्याचं कारण तंबोऱ्यात आहे. बैठकीत तंबोरे गायकाच्या मागे असतात. गायकाला तो स्वर पाठीमागून, दोन्ही खांद्यांवरून मिळतो; श्रोत्याला समोरून. एखाद्या मिश्रणात तंबोरा मागच्या स्पीकरांत टाकलेला असला की मला श्रोत्याच्या जागेवरून उठवून गायकाच्या जागी बसवल्यासारखं होतं. घटकाभर मौज वाटते, मग अवघडायला होतं. गाणारा समोरही आहे आणि मीही त्याच्याच जागी. पण याच तंबोऱ्याची दुसरी बाजू आहे. आमच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावताना कारागिराजवळ उभे राहा. तारेचं टोक दिसत असतं, तरी आवाज तिथून येतो असं वाटत नाही. खोली वाजते. समोरच्या दोन स्पीकरांतून कधीच मिळत नाही ते हेच.

याचं शास्त्र फार अवघड नाही. ग्योटिंगेनच्या हेल्मुट हास याने १९४९ मध्ये दाखवून दिलं की तोच आवाज दोन दिशांनी आला, आणि एक दुसऱ्यापेक्षा ५ ते ३० मिलिसेकंद उशिरा आला, तर कान पहिल्याचीच दिशा धरतो. उशिराचा आवाज १० डेसिबलपर्यंत मोठा असला तरी वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही, मूळ आवाजालाच भरीव करतो. १९७१ मध्ये मायकेल बॅरन या इंग्रज संशोधकाने पुढचा धागा जोडला: सभागृहात आवाजाने वेढल्याची जी जाणीव होते ती मुख्यतः बाजूच्या भिंतींवरून कानावर येणाऱ्या परावर्तनांमुळे होते, छतावरून येणाऱ्यांमुळे नाही. व्हिएन्नाचा १८७०चा म्युझिकफेराइन हॉल जेमतेम १९ मीटर रुंद, उंच आणि लांबट, चपलेच्या खोक्यासारखा आहे. त्याची ख्याती बऱ्याच अंशी या जवळच्या बाजूच्या भिंतींमुळे आहे. आपल्या बारा बाय पंधराच्या खोलीत भिंतीवरून परतणारा आवाज पाच-दहा मिलिसेकंदांतच येऊन थेट आवाजात मिसळतो, आणि मग काहीच उरत नाही. मोठ्या जागेचा उशिरा येणारा बाजूचा आवाज द्यायचा तर तिथे स्पीकरच हवा.

म्हणून मागच्या स्पीकरांचं संगीतातलं काम वाद्य वाजवणं हे नाही, भिंत होणं हे आहे.

क्वाड मेलं, पण त्याची हाडं सिनेमाने वापरली. दोन वाहिन्यांत चार मिसळण्याची तीच युक्ती डॉल्बी कंपनीने चित्रपटाच्या प्रकाशीय ध्वनिपट्टीवर चालवली. १९७७चा 'स्टार वॉर्स' आला, यान डोक्यावरून गेलं आणि संगीतवाल्यांनी टाकून दिलेलं तंत्र जगभरच्या थिएटरांत बसलं. १९८२ पासून ते व्हिडिओ कॅसेटच्या वाटेने घरात शिरू लागलं, १९८७ मध्ये 'प्रो लॉजिक' झालं. '५.१' हा शब्दप्रयोगही त्याच वर्षी टॉमलिन्सन होल्मन याने चित्रपट अभियंत्यांच्या चर्चेत मांडला. त्यातला '.१' म्हणजे स्फोटांसाठी राखून ठेवलेली खर्जाची वाहिनी. पखवाजाला तिची गरज नाही. वर्तुळ पुरं झालं ते २००० च्या सुमारास. 'प्रो लॉजिक २' बनवणारा जिम फॉसगेट हा १९७०च्या दशकात क्वाड तबकड्यांचे डिकोडर सुधारण्यात गढलेला माणूस. त्याने आपल्या नव्या यंत्रात 'मूव्ही'शेजारी 'म्युझिक' असं वेगळं बटण ठेवलं. साध्या दोन वाहिन्यांच्या मुद्रणातून सभागृहाचा अंश वेगळा काढून मागे पाठवणं हे त्याचं काम. आपल्याकडच्या हजारो घरांत ते बटण आहे आणि त्यावर बोट पडलेलं नाही.

हे काढायचं कसं, याची सगळ्यात सोपी रीत फॉसगेटच्याही आधीची. डायनाको कंपनीच्या डेव्हिड हॅफ्लरने १९७०च्या आसपास सुचवलं की मागचा स्पीकर ॲम्प्लिफायरच्या जमिनीशी जोडूच नका. त्याचं एक टोक डाव्या वाहिनीच्या धन टोकाला, दुसरं उजवीच्या धन टोकाला लावा. दोन्ही वाहिन्यांत जे सारखं आहे ते परस्पर रद्द होतं आणि मागे वाजतो तो फक्त दोहोंतला फरक. (ज्या ॲम्प्लिफायरच्या दोन्ही वाहिन्यांची ऋण टोकं आतून एक नसतील त्यावर हा प्रयोग करू नये, यंत्र जळतं. हल्लीची बरीच छोटी डिजिटल यंत्रं याच जातीची आहेत.) चित्रपटगीतात गायिका बरोबर मधोमध असते, मागे ती नाहीशी होते आणि तिच्या आवाजाभोवतीची आस तेवढी राहते. कराओकेवाले गाण्यातून गळा काढून टाकतात ती हीच वजाबाकी.

या जोडणीवर मी वर्षानुवर्षं नाना मुद्रणं लावून पाहिली आहेत. मैफलीत दोन मायक्रोफोन लावून केलेलं मुद्रण असेल तर मागे खोली येते: खोकला, दाद, तबल्याच्या थापेची पाठ. स्टुडिओत एकेक वाद्य वेगळं घेऊन जुळवलेल्या कॅसेटवर मागे कृत्रिम घुमारा येतो, तोही सगळ्यांना सारखाच लावलेला. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या? त्या एका वाहिनीच्या. डाव्यात आणि उजव्यात तेच, फरक शून्य, म्हणून मागे शांतता असायला हवी. पण कुणी ती ७८ची तबकडी स्टिरिओ सुईने वाजवून जशीच्या तशी उतरवलेली असेल तर मागच्या स्पीकरांत निव्वळ खरखर येते. त्या तबकडीची खाच आडवी हलते, ओरखडे आणि धूळ मात्र सुईला वर-खालीही उडवतात, आणि ते उभं हलणं नेमकं फरकात उतरतं. समोर खाँसाहेब 'जमुना के तीर' गात असतात आणि मागे नव्वद वर्षांची धूळ वाजत असते. अशा मुद्रणाला मागचे स्पीकर बंद ठेवावेत आणि पुढचाही एकच चालू ठेवावा. तिथे पाहुण्याचा सल्ला थोडा बदलून मान्य.

मांडणीबद्दल दोन शब्द. १९९०च्या दशकात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पाच स्पीकरांच्या मांडणीची शिफारस प्रसिद्ध केली. श्रोत्यापासून पाचही सारख्याच अंतरावर, पुढचे डावे-उजवे मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर. म्हणजे बरोबर पाठीमागे नव्हेच. कानांच्या थोडे मागे, बाजूला, कानांच्या सुमाराच्या उंचीवर. बॅरनच्या बाजूच्या भिंती आठवा. सिनेमाची गरज उलटी. तिथे आवाज कुठून येतो ते कळता कामा नये, म्हणून काही वर्षं दोन तोंडांचे, श्रोत्याकडे कड करून बसवायचे स्पीकर शिफारसीत होते. आपल्याकडे छताजवळ, कोपऱ्यात, तोंड खाली करून टांगतात ती त्याचीच गरिबाघरची आवृत्ती. संगीतासाठी ते खाली उतरवा, बाजूला आणा, आवाज इतका ठेवा की चालू असल्याचं कळू नये आणि बंद केल्यावर मात्र खोली आक्रसल्यासारखी वाटावी. यंत्रात विलंबाची सोय असेल तर २० मिलिसेकंद द्या. तेवढ्या वेळात आवाज सुमारे ७ मीटर जातो, म्हणजे भिंत लांब गेली.

जपानच्या यामाहा कंपनीने १९८६ मध्ये जगातल्या खऱ्या सभागृहांची मोजमापं घेऊन ती 'डीएसपी-१' या यंत्रात भरली. तेव्हापासून रिसीव्हरच्या यादीत व्हिएन्नाचा हॉल आहे, म्युनिकचा आहे, न्यूयॉर्कचा तळघरातला जाझ क्लब आहे. मी पाहिलेल्या एकाही यंत्रात दगडी खांबांचा सभामंडप नाही, चुन्याच्या भिंतींचा, सतरंज्या घातलेला वाडा नाही. व्हिएन्नाच्या हॉलमध्ये भीमसेनजींचा 'मारुबिहाग' बसवणं हे नऊवारीवर ओव्हरकोट घालण्यासारखं आहे. हे मोजमाप अवघड मुळीच नाही. एक फुगा फोडायचा आणि ध्वनिमुद्रण करायचं, इतकीही सुरुवात पुरते. जुने वाडे पडताहेत त्या वेगाने मात्र करायला हवं.

फिलिप्सच्या त्या चार वाहिन्यांच्या टेप तीस वर्षं कपाटात राहिल्या. १९९९ मध्ये 'एसएसीडी' ही बहुवाहिनी तबकडी आली आणि फिलिप्समधूनच बाहेर पडलेल्या काही जणांनी हॉलंडमध्ये काढलेल्या पेंटाटोन कंपनीने त्या टेप त्यावर प्रसिद्ध केल्या. त्यांचं भाग्य. आपल्याकडे असा ठेवा नाही असं कुणी म्हणेल, पण आहे. ऑक्सफर्डचा गणिती मायकेल गर्झन याने १९७०च्या दशकात 'ॲम्बिसॉनिक' पद्धत मांडली. स्पीकर मोजण्याऐवजी एका बिंदूवर सर्व दिशांनी येणारा आवाजच नोंदवायचा. तिचं 'यूएचजे' नावाचं रूप साध्या दोन वाहिन्यांत मावतं. गर्झन १९९६ मध्ये पन्नाशीतच गेला. वेल्सच्या सीमेवरून चालणारी निंबस ही ध्वनिमुद्रण कंपनी मात्र ही पद्धत निष्ठेने वापरत राहिली. आणि याच निंबसने १९८०-९०च्या दशकांत रामनारायण यांची सारंगी, हरिप्रसाद चौरसियांची बासरी अशा हिंदुस्थानी संगीताच्या कितीतरी सीडी काढल्या. दोघेही मुंबईकर. या सीडी साध्या यंत्रावर साध्या स्टिरिओसारख्या वाजतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण त्यांत वादकाच्या भोवतालची अख्खी खोली गुंडाळून ठेवलेली आहे. ती उलगडणारे डिकोडर आता संगणकावर मोफत मिळतात. प्रो लॉजिक २ च्या 'म्युझिक' बटणानेही, अचूक नाही तरी, बरीच उलगडते. सारंगीची गजखेच थांबल्यावर तिची आस खांद्यांमागे जाऊन विरते.

ही खोली दोन वाहिन्यांमधल्या लहरींच्या टप्प्याच्या नाजूक फरकात दडलेली असते. एमपी३ करताना, विशेषतः कमी बिटरेटला, जागा वाचवण्यासाठी पहिला बळी याच फरकाचा जातो. कुणी दोन्ही वाहिन्या एकत्र करून एकच केली तर प्रश्नच मिटला. गेल्या काही वर्षांत एका संगीतप्रेमी मंडळाने आपला सगळा सीडीसंग्रह अशा रीतीने एका हार्ड डिस्कवर घेतला आणि मूळ सीडी खोक्यांत भरून माळ्यावर टाकल्या. त्यांनी त्या रद्दीत द्यायचं ठरवलं होतं. मी चिटणीसांना विनंती केली आहे की पाठीवर 'ॲम्बिसॉनिक' असा बारीक शिक्का असलेल्या तेवढ्या आधी बाजूला काढू द्या. दर रविवारी दोन खोकी उतरवायची परवानगी मिळाली आहे. सहा झाली, अजून अकरा वर आहेत.